कशापेक्षा सरस? वनस्पतीजन्य गोंदावरचे पेपर वाचताना

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी एका परिषदेत पोस्टर लावलं होतं. सोयाबीनचं तेल काढलेलं पीठ, थोडा कॉस्टिक सोडा आणि चिंचोक्याची पावडर यांपासून केलेला लाकडाचा गोंद. मथळ्यात ‘हरित’ होतं, ‘शाश्वत’ होतं आणि अर्थातच ‘पर्याय’ही होतं. तक्त्यात माझ्या गोंदाची शिअर स्ट्रेंग्थ ६.४ मेगापास्कल, बाजारातून आणलेल्या पांढऱ्या गोंदाची ६.७. खाली निष्कर्ष: ‘बाजारातील गोंदाशी तुल्यबळ’. लोकांनी पोस्टरचे फोटो काढले. मीही काढले आणि घरी पाठवले.

परत आल्यावर पुढच्या प्रयोगासाठी पट्ट्या कापून घ्यायला वर्कशॉपमध्ये गेले. तिथल्या सुतारमामांनी माझा एक तुटलेला जॉइंट हातात घेऊन उलटसुलट पाहिला. म्हणाले, “हे तर लाकूड फाटलंय गं. गोंद कुठं सुटलाय?” मी म्हटलं, मग चांगलंच की. त्यावर ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं विचारलं, “पाण्यात टाकलंस का?”

टाकलं नव्हतं. त्या रात्री दहा जॉइंट बादलीत बुडवून ठेवले. मामांनी त्यात साध्या एमआर ग्रेड प्लायवुडचा एक तुकडाही टाकला. सकाळी दहापैकी सात जॉइंट उचलतानाच हातात सुटले, उरलेले तीन जरा पिळल्यावर. प्लायचा तुकडा होता तसाच.

आठ महिन्यांचं काम एका बादलीत गेलं, असं मला तेव्हा वाटलं. आता तसं वाटत नाही; काम गेलं नाही, फक्त त्यावर लावलेलं लेबल गेलं. पण त्यानंतर या विषयावरचे पेपर मी वेगळ्या डोळ्यांनी वाचायला लागले आणि एक गोष्ट खुपायला लागली. माझी चूक माझी एकटीची नव्हती. ती या विषयाच्या लिहिण्याच्या पद्धतीतच मुरलेली आहे. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल आणि ‘ग्रीन मटेरियल्स’ हा विषय खुणावत असेल (खुणावतोच, प्रस्ताव मंजूर व्हायला सोपा असतो), तर ही चूक माझ्या खर्चात पाहून घ्या.

मराठीत ‘सरस’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे अधिक चांगला. दुसरा म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडं उकळून केलेला, जुने सुतार गरम करून वापरायचे तो चिकट पदार्थ. दुसऱ्या अर्थाचा सरस पूर्ण जैविक होता, त्यात पेट्रोलियमचा थेंब नव्हता, आणि तरीही पहिली संधी मिळताच सुतारांनी तो सोडून दिला, कारण दमट हवेत त्याचे सांधे ढिले पडायचे. ‘कुठून आला’ आणि ‘काय करतो’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. या क्षेत्रातले कितीतरी पेपर पहिल्याचं उत्तर देतात आणि दुसऱ्याचंही उत्तर दिल्यासारखं दाखवतात.

सुरुवात प्रस्तावनेपासून करू. जवळपास प्रत्येक पेपरच्या पहिल्या परिच्छेदात एक खलनायक असतो: फॉर्मल्डिहाइड. हे योग्यच आहे. प्लायवुड, पार्टिकल बोर्ड, एमडीएफ यांत मुख्यतः युरिया-फॉर्मल्डिहाइड रेझिन वापरतात. ते स्वस्त आहे, गरम प्रेसखाली झटपट घट्ट होतं, रंगहीन असतं. पण त्यातले बंध ओलाव्यात हळूहळू तुटतात आणि फॉर्मल्डिहाइड घरातल्या हवेत येत राहतो. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आयएआरसी या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २००४ साली फॉर्मल्डिहाइडला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारा पदार्थ म्हणून. २००७ मध्ये कॅलिफोर्नियानं लाकडी बोर्डांतून किती फॉर्मल्डिहाइड बाहेर पडू द्यायचा यावर कडक मर्यादा आणल्या. हार्डवुड प्लायसाठी ती पुढे ०.०५ पीपीएमवर आली. इथपर्यंत सगळं खरं.

आता पानं उलटून तक्त्याकडे या. तुलनेला कोण आहे? बहुतेकदा पांढरा गोंद. म्हणजे पॉलिव्हिनाइल ॲसिटेट, आपल्या घरातला फेविकॉलसारखा. तो पाण्यात कालवलेला असतो आणि घट्ट व्हायला त्याला फॉर्मल्डिहाइड लागतच नाही. म्हणजे प्रस्तावनेत खलनायक एक, आणि आखाड्यात उतरवलेला पैलवान दुसराच! पांढऱ्या गोंदाशी बरोबरी केली म्हणून फॉर्मल्डिहाइड हटवण्याचं श्रेय मिळत नाही. ज्याला हटवायचं आहे त्याच्याशीच, त्याच कामावर, त्याच प्रेसच्या तापमानाला आणि तेवढ्याच वेळात तुलना व्हायला हवी. माझ्या पोस्टरमध्ये हीच गफलत होती. कारण अगदी घरगुती आहे: पांढरा गोंद कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, युरिया-फॉर्मल्डिहाइड रेझिन कारखान्याकडून मागवावं लागतं, त्याला हार्डनर लागतो, हॉट प्रेस लागतो. ज्याची सोय होती तो माझा ‘कंट्रोल’ झाला.

आणि समजा रेझिन मिळालंच, तरी कुठलं? हल्ली कमी फॉर्मल्डिहाइड सोडणारी रेझिन बाजारात आहेत आणि कॅलिफोर्नियाची मर्यादा पाळणारे युरिया-फॉर्मल्डिहाइडचे बोर्डही विकले जातात. प्रतिस्पर्धी कधीच पुढे सरकलाय. पंचवीस वर्षांपूर्वीच्या रेझिनला हरवून आज काय साधणार?

आता मामांचा पहिला प्रश्न. लाकूड फाटलं, गोंद सुटला नाही, हे कानाला कौतुकासारखं वाटतं. पण याचा अर्थ नीट पाहा. जॉइंट तुटतो तेव्हा यंत्र आपल्याला साखळीतल्या सगळ्यात कच्च्या कडीचं बळ सांगतं. माझ्या पट्ट्या पॅकिंगच्या खोक्यातल्या मऊ पाइनच्या होत्या. माझ्या गोंदाच्या जॉइंटमध्ये लाकूड फाटलं, पांढऱ्या गोंदाच्या जॉइंटमध्येही लाकूडच फाटलं. म्हणजे ६.४ आणि ६.७ हे दोन्ही आकडे पाइनचे होते. पाइन हे पाइनशी तुल्यबळ आहे, एवढंच मी सिद्ध केलं होतं, तेही एरर बारसकट.

म्हणून शिअर स्ट्रेंग्थच्या आकड्याशेजारी ‘किती टक्के लाकूड फाटलं’ हा रकाना नसेल, तर त्या आकड्यावरून गोंदाबद्दल काही ठरवू नका. लाकूड कोणतं, जाडी किती, तंतूंची दिशा कोणती, आतला ओलावा किती, हे लिहिलेलं नसेल तर दोन पेपरमधले आकडे एका तक्त्यात मांडण्यात अर्थ नाही. रिव्ह्यू पेपरमध्ये मात्र असे तक्ते सर्रास असतात: डावीकडे वीस वनस्पतींची नावं, उजवीकडे वीस आकडे. कुठे बीच, कुठे पॉप्लर, कुठे नुसतंच ‘लाकूड’. असा तक्ता दिसला की मी आता पान उलटते.

पाण्याचा प्रश्न सगळ्यात मोठा आहे, त्यामुळे त्यावर जरा थांबते. प्रथिनं आणि स्टार्च लाकडाला चिकटतात ते त्यांच्यातल्या पाण्याला आवडणाऱ्या गटांमुळे. लाकडाचा सेल्युलोजही तसाच. कोरडं असताना दोघांची छान मैत्री. पण पाणी आलं की तेच गट पाण्याशी हातमिळवणी करतात आणि मैत्री संपते. म्हणजे चिकटण्याचं कारण आणि सुटण्याचं कारण एकच आहे. त्यामुळे वनस्पतीजन्य गोंदाच्या पेपरमध्ये कोरडी स्ट्रेंग्थ सांगणं म्हणजे पोहणाऱ्याचा वेग डांबरी रस्त्यावर मोजण्यासारखं.

मानकं बनवणाऱ्यांना हे ठाऊक आहे. युरोपातल्या ईएन २०४ मानकात बीचच्या लाकडावर घरातल्या कोरड्या वापरासाठीच्या डी१ वर्गाला १० मेगापास्कल लागतात. डी३ वर्गात हाच जॉइंट चार दिवस थंड पाण्यात ठेवून ओलाच तोडतात, आणि तिथे २ मेगापास्कल मिळाले तरी पास. दहावरून दोन! पाणी किती घेऊन जातं हे मानकानंच मान्य केलं आहे. आपल्याकडे आयएस ३०३ आणि आयएस ७१० आहेत. मरीन प्लायसाठीच्या आयएस ७१० मध्ये नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात. कोकणात घर बांधणारा माणूस स्वयंपाकघरासाठी ‘उकळलं तरी सुटणार नाही असा’ प्लाय मागतो ना, ते या चाचणीमुळेच. त्याला ‘कोरड्या अवस्थेत तुल्यबळ’ सांगून बघा.

याचा अर्थ वनस्पतीजन्य गोंद पाण्यात टिकूच शकत नाही, असा नाही. दक्षिण आफ्रिकेत मिमोसा नावाच्या अकेशियाच्या सालीतल्या टॅनिनपासून केलेले गोंद १९७० च्या दशकापासून कारखान्यांत वापरले जातात, तेही बाहेरच्या वापराच्या बोर्डांसाठी. टॅनिन फिनॉलिक असतं, प्रथिनांसारखं पाण्यावर भाळत नाही. पण त्याला घट्ट करायला पॅराफॉर्मल्डिहाइड किंवा हेक्सामिन वापरतात. म्हणजे खलनायक कमी प्रमाणात का होईना, घरात आहेच.

सोयाकडे परत येते, कारण तिथला इतिहास साहित्य-आढाव्यात कुणी नीट लिहीत नाही. ‘अलीकडे संशोधकांचे लक्ष सोयाप्रथिनांकडे वेधले गेले आहे’ असं वाक्य मीही लिहिलं होतं. अलीकडे कसलं! १९२० च्या दशकात सिएटलच्या आय. एफ. लॉक्स यांच्या कंपनीनं सोयापीठ आणि अल्कलीचा गोंद विकायला सुरुवात केली आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा डग्लस फर प्लायवुडचा धंदा कितीतरी वर्षं त्यावर चालला. दुसऱ्या महायुद्धानंतर फिनॉलिक रेझिननं त्याला बाजूला सारलं. का? स्वस्त झालं आणि पाण्यात टिकलं. म्हणजे आपण नवं काही शोधत नाही आहोत. एकदा हरलेल्या मल्लाला पुन्हा आखाड्यात उतरवतो आहोत. मग आढाव्यातला पहिला प्रश्न हाच हवा की तो का हरला, आणि त्या कारणांपैकी आज काय बदललंय. एक गोष्ट नक्की बदलली आहे: फॉर्मल्डिहाइडबद्दलचे कायदे. रसायनशास्त्र फारसं बदललेलं नाही.

या पुनरागमनाची सगळ्यात गाजलेली गोष्ट ओरेगन स्टेट विद्यापीठाच्या काइचांग ली यांची. समुद्रकिनाऱ्यावर लाटा आपटत असतानाही शिंपले खडकाला घट्ट चिकटून राहतात, ते त्यांनी पाहिलं. शिंपल्याच्या प्रथिनात डोपा नावाचा घटक असतो. सोयाप्रथिनाला तसे गट जोडायचे, ही कल्पना. २००२ च्या त्यांच्या पेपरमध्ये सोयाप्रथिनाला डोपामिन जोडलं आणि पाण्यातली ताकद खरोखर वाढली. पुढे यातून कोलंबिया फॉरेस्ट प्रॉडक्ट्स कंपनीचा ‘प्युअरबाँड’ प्लाय बाजारात आला आणि २००७ साली ली, ही कंपनी आणि हर्क्युलिस यांना मिळून अमेरिकेचा ग्रीन केमिस्ट्रीचा राष्ट्राध्यक्षीय पुरस्कार मिळाला.

ही गोष्ट वर्गात सांगायला फार सुंदर आहे. मीही सांगते. पण कारखान्यात गेलेल्या पाककृतीत डोपा नाही. तिथे आहे सोयापीठ आणि पीएई नावाचं रेझिन, म्हणजे पॉलिअमायडोअमाइन-एपिक्लोरोहायड्रिन. कागद ओला झाला तरी फाटू नये म्हणून कागद कारखाने हे रेझिन आधीपासून वापरत होते. ली यांच्या गटाचा २००४ चा पेपर थेट याच जोडीवर आहे आणि त्यांनी काही लपवलेलं नाही. लपवतो आपण, पुढचे लोक: प्रस्तावनेत शिंपला लिहितो आणि पद्धतीच्या भागात, चौथ्या ओळीत, ‘क्रॉसलिंकर’ एवढंच.

पीएई ज्याच्यापासून बनतं ते एपिक्लोरोहायड्रिन आयएआरसीच्या २ए गटात आहे, म्हणजे ‘बहुधा कर्करोगकारक’. ते रेझिन बनवताना वापरलं जातं, तयार प्लायमधून फॉर्मल्डिहाइडसारखं हवेत येत नाही, हा फरक मोठा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. घरात राहणाऱ्या माणसासाठी प्युअरबाँड खरंच सुधारणा आहे. पण मग वाक्य असं लिहावं लागेल: ‘घरातल्या हवेसाठी चांगला, रेझिनच्या कारखान्यातल्या कामगाराबद्दल हा पेपर काही सांगत नाही.’ असं वाक्य मला अजून एकाही ॲब्स्ट्रॅक्टमध्ये भेटलेलं नाही. शिवाय अमेरिकेत अशा घरातल्या वापराच्या प्लायला जी प्रचलित चाचणी लावतात, तीत नमुना खोलीच्या तापमानाच्या पाण्यात चार तास भिजवून वाळवायचा, असं तीनदा. आपल्या ७२ तासांच्या उकळीशी हिचा संबंध नाही. दोन्ही चाचण्या आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक होते ती एकीचा निकाल दुसऱ्या ठिकाणी नेल्यावर.

खरं तर ‘शंभर टक्के वनस्पतीजन्य’ हा दावा जुन्या काळीही टिकला नसता. आमच्या गावच्या वाचनालयात पुस्तकं बांधायला येणारे काका मैद्याच्या खळीत मोरचूद घालायचे, वाळवी आणि कसर लागू नये म्हणून. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. खळ वनस्पतीची, पण टिकवणारा चिमूटभर विषारी क्षार. बहुतेक वनस्पतीजन्य गोंदांत असा एक मोरचूद असतो. पेपर वाचताना तो शोधायचा.

पिठाबद्दलही एक गोम आहे. प्रयोगशाळेत आपण बहुधा सोया प्रोटीन आयसोलेट मागवतो, ज्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास प्रथिन असतं. कारखान्याला परवडतं ते पीठ, ज्यात निम्मं प्रथिन आणि बाकी बरीचशी कर्बोदकं. अमेरिकेच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीतले चार्ल्स फ्रिहार्ट आणि त्यांचे सहकारी हे वारंवार दाखवत आले आहेत की आयसोलेटवरचा निकाल पिठाला लावता येत नाही. दोघांचं वागणं मुळातच वेगळं आहे. त्यांचे पेपर आकर्षक नाहीत, शिंपले नाहीत, पण या विषयात पाऊल टाकण्याआधी वाचायचे असतील तर तेच आधी वाचा. महाराष्ट्रातल्या मुलांसाठी आणखी एक पायरी: लातूरच्या बाजारातली सोयापेंड ‘मुबलक स्थानिक कच्चा माल’ म्हणून प्रस्तावात लिहिली जाते. पण कोंबड्यांच्या खाद्यासाठीची पेंड भाजलेली असते, त्यात प्रथिनांची विद्राव्यता बरीच गेलेली असते. पेपरमधलं पीठ आणि बाजारातली पेंड या एक वस्तू नव्हेत. मी पेंड आणून पाहिली. वाळूसारखी बसली तळाशी.

ऊर्जेचा हिशेब तर जवळपास कुणीच करत नाही, आणि तो कागद-पेन्सिलीनं होतो. समजा युरिया-फॉर्मल्डिहाइडमध्ये ६० टक्के घन भाग आहे आणि सोयाच्या गोंदात ३० टक्के. सोयाचा त्याहून दाट केला तर तो पसरतच नाही. ६० ग्रॅम घन भाग लाकडावर घालायचा तर रेझिनसोबत ४० ग्रॅम पाणी जातं, सोयासोबत १४०. साडेतीन पट पाणी. ते प्रेसमध्ये वाफ होऊन बाहेर पडायला हवं, नाहीतर प्लायला फोड येतात. म्हणजे प्रेसचा वेळ वाढला, बॉयलरचं जळण वाढलं. कदाचित एवढं होऊनही सोया पुढे असेल. पण आकडा मांडल्याशिवाय कसं कळणार?

मी सगळ्या विषयावर पाणी ओततेय असं वाटत असेल, तर ऑनलाइन मागवलेल्या वस्तूचा खोका घ्या. त्यातला नागमोडी थर सपाट कागदाला चिकटवलेला असतो तो स्टार्चनं. बहुतेक मका किंवा गहू. सोबत कॉस्टिक सोडा आणि थोडा बोरॅक्स (हाही एक मोरचूदच, युरोपात प्रजननाला घातक म्हणून वर्गीकृत). ही पद्धत १९३० च्या दशकापासून चालू आहे आणि जगभरातले खोके तिच्यावर उभे आहेत. पोस्टर नाही, शिंपला नाही, ‘हरित’ नाही. खोका कोरडाच राहायचा असतो, आणि रद्दीत गेल्यावर पाण्यात त्याचा लगदा व्हावा लागतो. प्लायमध्ये जो दोष, तोच इथे गुण. वनस्पतीजन्य गोंद जिथे जिंकला आहे तिथे तो पाण्याशी भांडत बसलेला नाही, पाण्यात सुटणं हेच जिथे कामाचं आहे ती जागा त्यानं धरली आहे.

माझ्या गाईडना मी बादलीची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी दोनच पर्याय दिले: पीएई घाल आणि तसं ठळक लिही, किंवा काम बदल. मी दुसरा घेतला. आता लाकूड नाही, बाटल्यांवरची कागदी लेबलं. बाटली पुन्हा वापरायची तर लेबल धुताना स्वच्छ निघालं पाहिजे, आणि फ्रीजमधल्या दवानं मात्र सुटता कामा नये. सुटणं आणि न सुटणं यांच्यामधली ती पट्टी किती अरुंद आहे ते सध्या मोजते आहे. तुलनेला या वेळी बाटलीवाले प्रत्यक्ष वापरतात तोच गोंद आहे. तो मिळवायला चार महिने आणि अकरा ईमेल लागले.

जुन्या पोस्टरवरचं काम छापायला पाठवायचं की नाही, यावर मात्र आमचं अजून एकमत नाही. मी मसुद्यात ‘तुल्यबळ’ खोडून ओल्या चाचणीचा तक्ता घातला आहे, त्यात सात शून्यं आहेत. गाईड म्हणतात असा पेपर कुणी घेणार नाही. सुतारमामांना तक्ता दाखवला तर त्यांनी विचारलं, “त्या उरलेल्या तिनांत काय वेगळं होतं?” ते मी पाहिलेलंच नव्हतं. जपून ठेवलेले तुकडे सोमवारी मायक्रोस्कोपखाली लावणार आहे.